माँजींच्या अंगणातली अक्षरं

थोरल्याने पाटी गव्हाच्या डब्यात पुरली, त्या दिवशी मी ठरवलं, हा अक्षरं शिकणार, आणि पाटीशिवाय शिकणार.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. हे जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि तिलक नगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. थोरला पाच वर्षांचा. शाळेतल्या त्याच्या बाईंनी, तिकडे त्यांना बहनजी म्हणायचे, मला बोलावून बजावलं होतं की होळीनंतर परीक्षा घेईन. सगळी अक्षरं ओळखली नाहीत तर पुन्हा शिशुवर्गात बसवीन. शिशुवर्गात त्याची धाकटी बहीण होती. ही बातमी ऐकल्यापासून तिने आपल्या शेजारची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती.

आधी मी कणकेची अक्षरं केली. त्याने ती तळून मागितली. मग रांगोळी काढली. अंगण मातीचं, ऐसपैस. आणि मी साताऱ्याची, चिमटीतून रेघ सोडण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. पांढरी रेघ मी ओढायची, आत गुलाल त्याने भरायचा. सकाळभरात सहा अक्षरं झाली. दुपारी माघातला वारा सुटला आणि सहाच्या सहा अक्षरं घरमालकिणीच्या वाळत घातलेल्या मुगाच्या सांडग्यांवर जाऊन बसली.

घरमालकीण सत्तरीच्या. सगळे त्यांना माँजी म्हणत. गुलाबी सांडग्यांची परात घेऊन त्या आमच्या दारात आल्या.

"बहूजी, ये आपका क-ख-ग हम खायें कि आप खाओगी?"

आम्हीच खाल्ले.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई चाकसूकडची. ती पोट धरधरून हसली आणि म्हणाली, इथे रांगोळी नाही टिकत, मांडणा काढा. दुसऱ्या दिवशी शिकवूनच मोकळी झाली. शेणात गेरू कालवून अंगण सारवायचं. पांढऱ्या खडूच्या मातीचं पाणी करायचं, त्यात चिंधी बुडवून मुठीत धरायची आणि हळूहळू पिळत बोटावरून रेघ उतरवायची. थोरल्याला हे शिक्षण एकदम पसंत पडलं. रोज कोपरापर्यंत पांढरा होत त्याने माझ्या मदतीने आठवड्यात सगळी मुळाक्षरं काढली. नळाजवळ क, तुळशीजवळ ज्ञ. वाऱ्याने एकही हललं नाही.

मग माँजी पाणी भरायला निघाल्या आणि उचललेलं पाऊल तसंच धरून थांबल्या.

"विद्या पैरों में? मिटाओ."

"दिवाळीत तुमच्या मांडण्यावरून सगळे चालतातच की, माँजी."

"वो बेल-बूटा है. ये सरस्वती है. कल तक मिटा दो, नहीं तो दो बाल्टी मेरी."

आठवड्याची मेहनत मी दोन बादल्यांत जाऊ देणार नव्हते. मी विचारलं, "पुस्तकाला पाय लागला तर काय करता?"

"हाथ लगाके माथे से लगाते हैं."

"मग इथेही तेच. ज्या अक्षराला पाय लागेल त्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि नाव घेऊन माफी मागायची. नाव न घेता कुणाची माफी मागणार?"

माँजींनी डोळे बारीक करून मला न्याहाळलं. "मंजूर. पर सबके लिये."

दुसऱ्या दिवसापासून त्या वेताच्या मुड्ड्यावर पहाऱ्याला बसल्या. ह्यांना कॉलेजला उशीर झाला होता. "प्रोफेसर साब, किस पर पाँव रखा?" प्रोफेसरसाहेबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि वाकून 'झ'ची क्षमा मागितली. मी खिडकीतून पाहत होते. लग्नात मिळालेल्या कुठल्याही वस्तूने मला इतका आनंद दिला नव्हता. थोरला तर मुद्दाम अक्षरं तुडवायचा आणि खणखणीत माफी मागायचा. पंधरा दिवसांत एक नाव चुकेना.

होळीला आठ दिवस उरले तेव्हा मी गव्हातून पाटी काढली, तिच्यावर 'म' लिहिला आणि विचारलं, हे काय?

"हे आपल्या अंगणातलं नाही."

"नीट बघ."

"मतलब, कुठलं ते तर सांग. नळाकडचं की तुळशीकडचं?"

मी पाटी खाली ठेवली. त्याला अक्षरं येत नव्हती. त्याला अंगण पाठ होतं.

तशीच उठून मी माँजींकडे गेले. म्हटलं, सगळं धुऊन टाकू, पुन्हा उलटसुलट काढू.

"नहीं मिटेगा."

"दोन बादल्या तुमच्या होत्या, माँजी."

त्यांनी ओढणी पुढे ओढली. "नल के पास क है, तुलसी के पास ज्ञ. सब उठा दोगी तो मैं कहाँ ढूँढूँगी?"

म्हणजे आमच्या पहारेकरीणबाईही निरक्षर होत्या. ऐकून ऐकून त्यांनी जागा पाठ केल्या होत्या, थोरल्यासारख्याच. मी दया दाखवली नाही. म्हटलं, "मग शिशुवर्गात बसा त्याच्याबरोबर. एक जागा धरलेलीच आहे."

माँजी उठून नळाशी गेल्या. मग पहिली बादली त्यांनीच ओतली.

त्यानंतर रोज सकाळी दोघं नव्या क्रमाने अक्षरं काढायला बसायची. माँजींची रेघ साठ वर्षं मांडणे काढलेली, माझ्यापेक्षा देखणी. भांडणं मात्र बरोबरीची.

"दादीजी, ये भ नहीं, म है."

"तो इसका सिर ढका क्यों है?"

"मतलब... म घूँघट करता है."

"और भ?"

"खुले सिर घूमता है."

"बेशरम कहीं का," माँजी म्हणाल्या, आणि भ त्यांच्या कायमचा लक्षात राहिला.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी उभी होते. बहनजी फळ्यावर अक्षर लिहीत. थोरला पुढे होऊन त्याला हात लावी, तो कपाळाला लावी आणि मग नाव सांगे. बहनजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या लिंबाकडे पाहिलं. एका अक्षरापाशी तो थबकला, पुटपुटला, "बेशरम," आणि म्हणाला, "भ." तो सुटला. धाकटी धरलेली जागा रिकामी बघून रडली.

घरी आलो तर माँजी मुड्ड्यावर.

"पास?"

"पास."

त्या उठल्या आणि तुळशीकडे निघाल्या. वाटेत पाय पडला. गुडघ्यावर हात टेकत त्या खाली वाकल्या, बोटं टेकवली, कपाळाला लावली. "माफ करना, ठ."

मी दारातून वाकून पाहिलं. ठच होता. त्या दिवशीचं अंगण मी एकटीने, त्या उठायच्या आधी काढलं होतं.