पोटावरचं बटण

‘‘हालू नका म्हटलं ना ताई!’’ काचेमागून मी दुसऱ्यांदा ओरडले.

‘‘मी हालली नाही,’’ टेबलावरून उत्तर आलं. ‘‘श्वास पण नाही घेतला. तुम्हीच रोकाले सांगितला होता.’’

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. फोटोत एक गोल बटण दिसायला हवं होतं. ते आडव्या ठेवलेल्या डबीसारखं दिसत होतं. म्हणजे पेशंटनं अंग वळवलं, असा माझा सरळ हिशेब. तीस वर्षं मी एक्स-रे टेक्निशियन आहे. फोटो बिघडला तर चूक मशीनची क्वचित असते, माझी तर कधीच नसते. उरतो पेशंट.

पेशंटचं नाव वंदनाताई. मोहाडीच्या तहसील कार्यालयात क्लार्क. वय त्रेचाळीस. आठ वर्षांपूर्वी त्यांनी नागपूरला वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. हल्ली जठर कापून लहान करतात. तेव्हा त्यांना पट्टी बसवली होती. जठराच्या वरच्या तोंडाला सिलिकॉनची एक गोल पट्टी. ती आतून पोकळ असते, तिच्यात सलाईन भरलं की फुगते आणि वाट अरुंद होते. मग चार घासांत पोट भरतं. सलाईन भरायला पट्टीपासून एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली आणून सोडतात. तिच्या टोकाला बटणाएवढा एक तुकडा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. डॉक्टर बाहेरून चाचपून त्यात सुई घालतात आणि पट्टी कमी-जास्त घट्ट करतात.

पहिली दोन वर्षं वंदनाताईंचं वजन उतरलं. मग ते हळूहळू परत आलं आणि जुन्या आकड्याजवळ जाऊन बसलं. पट्टी बसवणारे डॉक्टर तोवर नागपूर सोडून गेले होते. नव्या डॉक्टरांनी रिव्हिजन सुचवलं. रिव्हिजन म्हणजे आधीच्या ऑपरेशनवर दुसरं ऑपरेशन. पट्टी काढायची, जठराचा छोटा कप्पा करायचा आणि आतडं वळवून त्याला जोडायचं. पट्टी काढता तरी येते. हे दुसरं सहजासहजी पूर्वीसारखं करता येत नाही. तारीख पुढच्या सोमवारची ठरली होती. त्याआधी बेरियमचे फोटो हवे होते, ते जवळ पडतं म्हणून आमच्या भंडाऱ्याच्या सेंटरमध्ये काढायचे होते. बेरियम म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध. पेशंट ते पितो आणि ते कुठून कसं उतरतं ते आम्ही पाहतो.

माझी एक जुनी सवय आहे. बेरियम पाजण्याआधी मी एक साधा फोटो काढते, तोही बेंबीपर्यंत मोठा. आमच्या डॉक्टर मॅडमना ही सवय वेळखाऊ वाटते. एकदा पोटात पांढरं गेलं की त्याच्यामागचं काही दिसत नाही, असं मला शिकवणाऱ्या सरांनी डोक्यात भरवलं होतं. ते निघत नाही.

तिसऱ्यांदा फोटो काढायला मी आत गेले. वंदनाताईंची कंबर सरळ करायला हात लावला तर हात सटकला. पोटावर तेल होतं. जवसाच्या तेलाचा वास लपत नाही.

‘‘हे काय लावलं?’’

‘‘काल मंगळवार होता ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सासूबाई मंगळवारी बेंबी बसवतात.’’

पोट दुखलं, उलट्या झाल्या की बेंबी जागेवरून सरकली, असं आमच्याकडे मानतात. जाणती बाई तेल लावून, पोट दाबून-चोळून ती जागेवर आणते. वंदनाताईंच्या सासूबाई, गिरजाबाई, त्यातल्या नावाजलेल्या. आजूबाजूच्या गावांतून बाया त्यांच्याकडे येतात.

‘‘केव्हापासून?’’

‘‘पट्टी घट्ट केली तेव्हापासून. भात अडकून राहायचा न. दोन घास गेले की उलटी. आता आपल्याकडं भात नाही खाल्ला तर खाल्लं काय? सासूबाईंचा जीव राहेना. म्हणाल्या, डॉक्टरनं बेंबी सरकवली तुही. पाच-सहा महिने चोळलं त्यांनी. आणि खरंच सांगते ताई, गुण आला. उलट्या बंद. भात उतरू लागला.’’

‘‘आणि वजन?’’

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘‘पोटात ती बटणाची गाठ लागते का हाताला?’’

‘‘तीच तर सासूबाई बसवतात. म्हणतात, गोळा आहे, मुरला पाहिजे.’’

मी काचेमागे आले. तिसरा फोटो काढला. बटण तसंच आडवं. वंदनाताई हलल्या नव्हत्या, एकदाही नाही. बटण हललं होतं. मी स्क्रीनवर फोटो मोठा करून नळीची पुसट रेघ पट्टीपासून खाली बोटानं शोधत आले. बटणाच्या जरा अलीकडे रेघ संपली. पुढे काही नाही, मग बटण. नळी निसटली होती. म्हणजे पट्टीत सलाईन राहिलेलं नव्हतं. पोटात एक रिकामी रबरी कडी घेऊन ही बाई किती वर्षं फिरत होती कोण जाणे. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. फोटोत काय दिसतं ते टेक्निशियननं पेशंटला सांगायचं नाही. कोणी विचारलं की म्हणायचं, ‘‘डॉक्टर सांगतील.’’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की घरी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी तोंडावर येतं.

म्हणून मी फोटो घेऊन मॅडमकडे गेले. मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि सदा घाईत.

‘‘बेरियम झालं?’’

‘‘नाही. आधी हे बघा.’’

‘‘अहो, नागपूरच्या डॉक्टरांनी अन्ननलिका आणि जठर विचारलंय. पोर्टचं विचारलंच नाही.’’

‘‘न विचारलेलं दिसलं तर लिहायचं नाही का?’’

मॅडमचा चेहरा कडक झाला. आवाज चढवणार इतक्यात त्यांची नजर फोटोवर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

‘‘हलल्या नाहीत ना त्या?’’

‘‘तीनदा काढला. नाही हलल्या.’’

‘‘हं. पाजा बेरियम.’’

बेरियम सरळ खाली गेलं. पट्टीपाशी थांबलं नाही, अडलं नाही, नुसतं वाहून गेलं. मंगळवारच्या तेल-मालिशचंही मी मॅडमना सांगितलं. त्यांनी स्वतः नागपूरला फोन लावला. मला म्हणाल्या, ‘‘मालिशचं कागदावर लिहा. सर्जनला कळायला हवं.’’ मी लिहिलं, ‘पोटास मालिश, आठवड्यातून एकदा, अनेक वर्षे.’

मॅडमनी वंदनाताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. शेवटी विचारलं, ‘‘म्हणजे, मी खाल्लं म्हणून नाही वाढलं?’’

‘‘खाल्लं म्हणूनच वाढलं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण तुम्हाला थांबवायला जे बसवलं होतं ते बंद पडलं होतं. त्यात तुमचा दोष नाही.’’

वंदनाताई रडायला लागल्या. साधंसुधं नाही, खांदे हलवून. ‘‘ऑफिसात म्हणतात, हिनं पोट बांधून घेतलं, तोंड बांधायचं राहिलं. मी पण हसते त्यांच्यासंग. लाजेपायी डॉक्टरकडं जाणं सोडलं मी. कोणत्या तोंडानं जाऊ? आधीच्या डॉक्टरले शेवटी बटणात सुई पण घालता आली नव्हती. मले वाटलं, चरबी वाढली म्हणून बटण सापडलं नसन.’’

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला वाटलं, संपलं. पण वंदनाताई क्लार्क. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय त्या उठत नाहीत. बाहेर येऊन त्यांनी रिपोर्टला लावलेला माझा कागद वाचला आणि परत माझ्याकडे आल्या.

‘‘हे मालिशचं काहून लिहिलं?’’

‘‘डॉक्टरला कळायला पाहिजे म्हणून.’’

‘‘खोडा ते. घरी यजमान सगळे कागद वाचतात. एकदा नोंद झाली की निघत नाही, मी तेच काम करते.’’ त्यांचा आवाज खाली आला. ‘‘ताई, ऑपरेशन केलं तवा यजमान दोन महिने धड बोलले नव्हते. सासूबाईंनी मले भरवलं. पेज गाळून गाळून पाजली. त्यांच्या हातानं हे झालं असं कोणी म्हटलं तर त्या मरून जातील.’’

‘‘त्यांच्याच हातानं झालं असं मी कुठं लिहिलं? हे आपोआपही उलटते.’’

‘‘वाचणारा तसंच वाचन.’’

खोडता येत नव्हतं. मी तो कागद वेगळ्या पाकिटात घालून बंद केला आणि वर सर्जनचं नाव टाकलं. बाकी रिपोर्ट दुसऱ्या पाकिटात. नियमात बसतं की नाही ते मी मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बघत, आडवं बटण बाहेरून धरून त्यात सुई घातली आणि एक्स-रेत दिसणारं औषध सोडून पाहिलं. ते पट्टीपर्यंत गेलंच नाही, बाहेर गळालं. सोमवारचं ऑपरेशन थांबलं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावल्या. पट्टी काढून थेट मोठं ऑपरेशन करता येईल, किंवा आधी पोर्ट आणि नळी नीट करून वर्षभर पाहता येईल. पट्टी जुनी आहे, पुढेमागे काढावी लागू शकते, हेही सांगितलं. वंदनाताईंनी महिनाभर विचार केला आणि दुसरी वाट धरली. छोटं ऑपरेशन झालं. वजन उतरायला लागलंय, पहिल्यासारखं झपाट्यानं नाही. भात घाईनं खाल्ला तर पुन्हा अडकतो. रिव्हिजनची फाईल बंद नाही, बाजूला ठेवली आहे. आता ते करायचं ठरलं तर खरं कारण माहीत असून ठरेल.

चार-पाच महिन्यांनी वंदनाताई गिरजाबाईंना गुडघ्याच्या फोटोसाठी घेऊन आल्या. त्या फॉर्म भरायला बाहेर थांबल्या. मी म्हातारीला टेबलावर चढवलं. काडीसारखं अंग, पण हात बघण्यासारखे, रुंद आणि मऊ. गुडघा सरळ करत होते तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘तूच न वो, सुनेच्या पोटाचा फोटो काढला होता?’’

‘‘हो, आजी.’’

‘‘ते बटन माह्या हातानं सरकलं का?’’

तोंडावर ‘डॉक्टर सांगतील’ आलं होतं. मी ते गिळलं. खोटंही बोलवेना आणि वंदनाताईंचा शब्दही मोडवेना.

‘‘असं कोण म्हणलं तुमाले?’’

‘‘कोनी नाही म्हणलं. मंगळवारी पोटाले हात लावू देत नाही आता. म्हणते, डॉक्टरनं मना केलं. मी काय लहान आहो का?’’

‘‘आजी, ते आपोआपही सरकते. आणि फोटोत कोणाचा हात दिसत नाही.’’

‘‘तुले नसन दिसत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले दिसते.’’

मी मशीन गुडघ्यावर आणलं. म्हातारी छताकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘पन पाय माह्या हातानं चोळून घेते मंगळवारी. दुखत नाहीत तिचे पाय, मले माहीत आहे. तरी घेते. तू सांगजो नको तिले, मले समजलं म्हणून.’’

बाहेर वंदनाताई फॉर्म भरून उभ्या होत्या. ‘‘जास्त बोलल्या का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘नाही, गुडघ्याचंच.’’ त्या दोघी एकमेकींच्या आधारानं पायऱ्या उतरून गेल्या. मी दारातून पाहत राहिले.

बेरियमच्या आधी साधा फोटो काढायची सवय मी सोडलेली नाही. मॅडमही आता त्यावर काही बोलत नाहीत. एक सवय मात्र बदलली. फोटो बिघडला आणि पेशंट म्हणाला ‘मी हललो नाही’, तर आधी त्याचं खरं धरते.