बुधवारचं तिकीट

सांगणाऱ्या माणसाशिवाय जगातली कुठलीही गोष्ट बघायचीच नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला खोलीतला जोडीदार म्हणून आला. कुवेतमध्ये अब्बासियातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही अकरा वर्षं एकत्र काढली. तो रत्नागिरीकडचा, फरवानियातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मी प्रयोगशाळेत रक्त तपासायचो, तरी पहिल्या दिवसापासून त्याने मला डाक्टर करून टाकलं. "डाक्टर, सांगणारा नसला का डोळे नुसते उघडे र्‍हातात," असं तो म्हणायचा. राहायला आला त्या दिवशी सामान जिन्यात ठेवून त्याने आधी इमारतीच्या रखवालदाराकडून इमारतीची सगळी कुळकथा ऐकली, मग वर आला. सुलैबियाच्या भाजीबाजारात टोमॅटो घेताना तो कुठल्या देशाचा, कुठल्या शेतातला हे विचारायचा. विक्रेता कंटाळून पिशवी भरून द्यायचा, तेव्हा हा काकडीकडे वळायचा. पेशंटना तो त्यांच्याच छातीची सहल घडवायचा. "ही तुमची बरगडी. हिच्या मागं हृदय र्‍हातं. भिऊ नका, घरीच हाय." माणसं दुखणं विसरून फोटो बघत बसायची.

त्याच्या पलंगाच्या वर एका जुन्या कॅलेंडरातलं चित्र होतं. स्पेनमधल्या अल्हम्ब्रा महालाचं. ते त्याने आधीच्या खोल्यांपासून धरून बावीस वर्षं बघितलं आणि एकदाही म्हणाला नाही की बघितलं. "तिथलं माणूस तिथं उभं राहून सांगंल, तवा बघू."

आमच्या मराठी मंडळातले नऊजण अखेर स्पेनला निघालो, तेव्हा त्याची एकच अट होती: महाल दाखवायला गावचंच माणूस हवं. ते त्याने कुवेतमधूनच शोधलं. ग्रानादाच्या एक बाई, आई मोरोक्कोची, त्यामुळे अरबी बोलणाऱ्या. तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी आता लिहितो ते त्या सहलीतल्या मंडळींनी जरा लक्ष देऊन वाचावं.

आपल्याकडची कॅलेंडरं रविवारपासून सुरू होतात. त्या लोकांची सोमवारपासून. मी संगणकावर बसून, वरची परकी अक्षरं न वाचता, सवयीने तिसरा रकाना मंगळवारचा म्हणून दाबला. तिकिटं बुधवारची निघाली. आम्ही मंगळवारी दारात उभे राहिलो. बुधवारी सकाळी आमची माद्रिदची गाडी होती.

दारावरच्या माणसाने मान हलवली, तिकिटावरच्या वारावर बोट ठेवलं आणि कागद परत दिला. मी वार वाचला. मागे आठ माणसं उभी. वाटेत एका कारंज्यापाशी बाई बोलत राहिल्या होत्या, आम्ही तिकिटावरच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. मी म्हणालो, "वेळ टळली. आत सोडत नाहीत."

"अहो भाई, तुमच्या त्या बाईंनी बोलता बोलता घड्याळ गिळलं बघा!" मंडळातल्या नर्सताई माझ्या जोडीदारावर कडाडल्या.

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर नजर टाकली आणि त्याला हळूच म्हणाल्या, "अल-अरबा." बुधवार. कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला वार कळतात. त्याला कळला, मलाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून थांबला. मी कागदाची घडी घातली.

"चूक माझीच," तो सगळ्यांना म्हणाला. "मीच बाईंना बोलतं ठेवलं."

आम्ही कॉफी प्यायला गेलो. तो बाईंबरोबर महालाबाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसला. बाई हातांनी कमानी काढत होत्या, बोटांनी पाणी वाहवत होत्या, आणि हा लहान मुलासारखा माना डोलवत होता. दोन तासांनी आला आणि मला म्हणाला, "बघून आलो, डाक्टर." मी म्हणालो, "चला, बस उभी आहे."

त्यानंतर त्याने कधी वाटाड्या घेतला नाही. सुलैबियात निमूटपणे टोमॅटो भरायला लागला. एकदा मीच म्हणालो, "विचारा ना कुठला आहे." "नको," तो म्हणाला. "आपल्यापायी परक्या माणसाला बोल लागतो." माझं नाव त्याने तेव्हाही घेतलं नाही. आणि मी? मंडळाच्या प्रत्येक जमण्यात मी घड्याळ गिळणाऱ्या बाईंची गोष्ट साभिनय सांगत आलो. तोही ठसका लागेपर्यंत हसायचा.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. शोकसभेत त्याची मुलगी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, ती गाइडची गोष्ट सांगा ना, पप्पांना फार आवडायची." मी सांगितली. माणसं रडता रडता हसली. मग तिने विचारलं, "बाहेर बसून पप्पांना काय काय दिसलं होतं? तुम्हाला नक्कीच सांगितलं असेल."

नाही सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या त्या माणसाकडे एकदा स्वतः सांगण्यासारखं काहीतरी होतं. बस उभी होती तरी तो जरा रेंगाळला होता, मी विचारीन म्हणून. आता ते चित्र त्याच्या मुलीने मला दिलंय. माझ्या पलंगाच्या वर लावलंय. रोज बघतो, म्हणजे डोळे नुसते उघडे असतात.