गंगेची पोरं

परभणीला गाडी बदलली, आणि गंगाखेड जवळ आलं ते डोळ्यांआधी नाकाला कळलं. मळीचा आंबूस-गोड वास खिडकीतून आत शिरला. शेजारच्या मावशींनी न विचारताच खुलासा केला, "कारखाना सुरू झालाय, बाई." मी मांडीवरचा प्रोजेक्टर सावरला आणि हसले.

साताऱ्याहून निघून गावोगावच्या शाळांत नववीच्या मुलांना पर्यावरणावरचे माहितीपट दाखवायचे, हा माझा उद्योग. खरं सांगते, या फेरीत जीव रडकुंडीला आला होता. पोरं शहाण्यासारखी बसत, जांभया देत आणि शेवटी एका सुरात "पर्यावरण वाचवा" म्हणून पळत. इथंही जांभया आल्या तर प्रोजेक्टर सरळ माळ्यावर टाकायचा, असं मी ठरवूनच आले होते.

स्टेशनवर शाळेचे कदम सर जीप घेऊन हजर. नदीकाठच्या त्यांच्या गावी पोचलो, तर शाळा राहिली बाजूला, जीप थेट शेतात. "आधी हुरडा, मग पिच्चर," सरांनी बजावलं. भाजलेली कणसं तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, शेंगदाण्याच्या चटणीसोबत तोंडात टाकायची. माझा हात पोळला, पण थांबवेल कोण? लय (फार) खाल्लं.

वर्गाच्या खिडक्यांना खताच्या गोण्या लावून अंधार केला होता. माहितीपट सुरू झाला. भारदस्त आवाज म्हणाला, "गंगा आज शेवटच्या घटका मोजते आहे." पडद्यावर फेस, गटारं, मेलेले मासे. मी पोरांच्या तोंडाकडे बघत जांभईची वाट पाहत होते. तेवढ्यात लाल रिबिनींच्या दोन वेण्यांची एक पोरगी, राणी, ताडकन उठली.

"बंद करा ओ मॅडम! काय बी दाखवायलेत! आमची गंगा अशी न्हाई!"

झालं! सगळा वर्ग पेटला. मला काही उमगेना. कदम सर हसू दाबत कानाशी कुजबुजले, "अहो, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात."

अरे देवा! पडद्यावरची नदी उत्तरेतली, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण वर्ग दाराबाहेर गेलासुद्धा. "चला, दाखवतो तुमाला!"

वाटेतच पोरांनी ठरवलं, आपल्या गंगेचं खरं शूटिंग करायचं. गंगा खरोखर देखणी होती. रुंद, निवळ, पलीकडे उसाची हिरवी रेघ. "बघा!" म्हणून राणीने ऐटीत हात फिरवला आणि तो मध्येच थांबला. पायऱ्यांशी पन्न्यांचा (प्लास्टिकच्या पिशव्यांचा) ढीग होता. निर्माल्य, जुने कपडे, फुटक्या तसबिरी. राणीचं तोंड एवढंसं झालं.

"आधी उचलू, मग शूटिंग करू," एक पोरगा म्हणाला.

"न्हाई!" राणी उसळली. "आधी शूटिंग. न्हाईतर आपुन बी खोटंच दाखवायलोत की!"

सरांचा मोबाइल राणीच्या हातात गेला आणि मग जो काय दंगा उडाला! कुणी पन्न्या ओढतंय, कुणी ओरडतंय. मदतीला गेलेली मी चिखलात फतकल मारून बसले, तेही राणीने टिपलं. अंधार पडेस्तोवर कुणालाही जांभई आली नाही. मी इतकी खूश होते की चिखलाचे कपडे तसेच मिरवत गावात शिरले.

दुसऱ्या दिवशी राणी सरांबरोबर स्टेशनवर आली, हुरड्याची पुरचुंडी घेऊन. मला राहवेना. "राणी, पिच्चरमधली ती गंगा तुमची नव्हती गं."

"कळलं मला मागून. भूगोलात हाय की." ती जरा घुटमळली. "पण मॅडम, तिथं पोरं न्हाईत का? तुमच्या पिच्चरमधी एक बी पोरगं न्हवतं."

इतक्या शाळांत तो माहितीपट दाखवला, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. गाडी हलली. राणी खिडकीशी धावत ओरडली, "आमचं शूटिंग दाखवा तिकडं!"

दाखवलं. सरांनी पाठवलेलं ते शूटिंग, साताऱ्याजवळच्या एका शाळेत, मोठ्या पडद्यावर. चित्र हलतंय, आवाज फाटतोय, मी चिखलात पडतेय. पोरं पोट धरून हसली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या ओढ्यावर कधी जायचं? पण आधी शूटिंग हं, मग साफसफाई."

प्रोजेक्टर माळ्यावर टाकायचा राहूनच गेला.