पेक्षासरांची तालीम

सर आम्हाला "अहो" म्हणाले की आम्ही डोकी खाली घालायचो. एरवी ते सरळ अरे-तुरे करत आणि अरे-तुरेत जीव सुरक्षित असे. पण "अहो पानसे, आपण आत्ता काय म्हणालात?" असं मधाळ वाक्य कानावर आलं की पाठोपाठ लाकडी डस्टर येई. नेम अचूक. माझ्या डाव्या भुवईवर एक बारीक पांढरी रेघ आहे. लग्नाआधी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी त्या रेघेबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, "इंग्रजी शिकताना लागलं." त्यांना वाटलं, मुलगा विनोदी आहे.

सर एम. ए. इंग्लिश होते आणि पैलवान होते. कुस्तीत मुडपून मुडपून त्यांचे दोन्ही कान कांदाभज्यांसारखे झाले होते. नदीकडच्या पेठेत त्यांच्या वडिलांची तालीम होती. गुडघा गेल्यावर सर तिथे वस्ताद झाले, आणि नेमके तेव्हाच पुण्यात कॉम्प्युटर आले. पोरं लंगोट टाकून कीबोर्डकडे पळाली. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या आणि शहरातल्या प्रत्येक माणसाला एकदम इंग्रजी हवं झालं. सरांनी दारावर 'स्पोकन इंग्लिश' अशी पाटी ठोकली, मारुतीच्या तसबिरीखाली फळा लावला आणि कुस्तीच्या हौद्याभोवती बाक मांडले. मधली लाल माती मात्र तशीच ठेवली. आम्हाला वाटलं, उचलून टाकायला वेळ झाला नसेल. पहिल्याच दिवशी गैरसमज दूर झाला.

त्या दिवशी एकाने उभं राहून सांगितलं, "आय ॲम टॉलर."

"अहो, अभिनंदन," सर म्हणाले. "पण कोणापेक्षा? पर्वतीपेक्षा की पाण्याच्या पिंपापेक्षा?"

डस्टर गेलं. या एका प्रश्नावरून त्यांचं नाव पडलं पेक्षासर. त्यांचा नियम असा की ज्याच्याशी तुलना करायची तो माणूस समोर हवा आणि वाक्य म्हणून झालं की ते तिथल्या तिथे सिद्ध करायचं. टॉलर असाल तर पाठीला पाठ लावा. हेवियर असाल तर समोरच्याच्या पाठीवर बसा, त्याला कळेल. स्ट्राँगर असाल तर हौदा मोकळाच आहे. सिद्ध झालेलं वाक्य सर खडूने वरच्या तुळईवर लिहीत आणि कोणी ते खोटं पाडेपर्यंत पुसत नसत.

तीन महिने आम्ही दुसरं काही शिकलोच नाही. भूतकाळ कधी घेणार, असं एकाने विचारलं. सर म्हणाले, "आज जग कशावर चाललंय? शेजाऱ्यापेक्षा मोठी गाडी, भावापेक्षा मोठा फ्लॅट. हे एवढं नीट बोलायला शिक. बाकीचं कंपनी शिकवेल." लांब विशेषणांना बंदी होती, कारण ती सिद्ध करायला फार वेळ लागतो. एकदा वारज्याचा एक मुलगा जोशात "मोर स्ट्राँगर" म्हणून गेला. सरांचा आवाज लोण्यासारखा झाला. "आपण दोनदा म्हणालात ना? मग दोघांशी लढा." लढला बिचारा. मातीतून काढला तेव्हा त्याला स्वतःचं नाव मराठीतही सांगता येत नव्हतं. पण ती चूक त्या वर्गात पुन्हा कोणी केली नाही. आता सांगा, कोणत्या पुस्तकाने इतक्या लवकर शिकवलं असतं?

त्यांना हरवलं ते एकाच व्यक्तीने. नागपूरकडून आलेली मेश्राम नावाची मुलगी होती, चणीने एवढीशी. ती उभी राहून म्हणाली, "आय ॲम लाउडर दॅन यू, सर." सर म्हणाले, "अहो बाई, पुरावा?" "पाहा न सर," म्हणत तिने ओढणी खोचली आणि अशी किंकाळी फोडली, की पत्र्यावरची कबुतरं उडाली, समोरच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली आणि दोन माणसं काठ्या घेऊन आत धावत आली. सरांना खून करताना पकडायला. सरांनी तुळईवर तिचं वाक्य लिहिलं. दिवसभर त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा होता.

आता माझ्यावर येतो, कारण टाळून चालणार नाही.

एका कंपनीच्या शेवटच्या मुलाखतीला आमच्यातून दोघांना बोलावलं. मी आणि लोणी काळभोरचा जगताप. जागा एकच होती. माझ्या वडिलांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं आणि घरी सगळे माझ्याकडे बघत होते. जगताप दिसायला बैल आणि वागायला गाय. सरांनी विचारलं, "बेटर कोण?" मी ताडकन उठलो. "आय ॲम स्ट्राँगर दॅन जगताप." का म्हणालो, देव जाणे. भीती वाटली की माझं तोंड मोठं होतं.

जगतापने मातीला हात लावून सलामी दिली. मीही वाकलो, आणि वाकल्यावर मूठभर माती हातात ठेवूनच उठलो. भिडताक्षणी ती त्याच्या डोळ्यांत फेकली. तो आंधळ्यासारखा चाचपडला, तेवढ्यात मी त्याला पायात पाय घालून हौद्याच्या दगडी कडेवर आपटला. कडकन आवाज आला. गळ्याजवळचं हाड होतं. जगताप ओरडला नाही. नुसता बसून डोळे पुसत राहिला, चांगल्या हाताने.

मी तुळईकडे बघत उभा. सरांनी खडू उचलला, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळव्याला लाल माती चिकटली होती. त्यांनी खडू परत ठेवला. अहो नाही, अरे नाही, डस्टरसुद्धा नाही. इतकं मला त्यांनी कधीच मारलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी मी खूश होतो. जगताप काय येतोय! तर स्कूटर फटफटत सर आले आणि मागे जगताप, हात गळ्यात बांधलेला, बांधणाऱ्याने त्यावर इस्त्रीचा शर्टही चढवलेला. सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

आत तिघं बसले होते. मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही बेटर का आहात?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दॅन हूम, मॅडम?"

मग मी सांगितलं, माणूस समोर असल्याशिवाय सांगता येत नाही, आमच्या क्लासचा नियम आहे. तिघंही हसले. बाहेर एकटा जगतापच होता, त्याला आत बोलावलं. बाईंनी त्याला हाताचं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ही इज स्ट्राँगर दॅन मी, मॅडम. प्रूफ हिअर." आणि त्याने झोळीतला हात दाखवला.

त्याला माती माहीत होती हो! डोळे त्याचेच होते. तरी तो हे बोलला. मी म्हणालो, "नो, मॅडम. मी त्याच्या डोळ्यांत माती टाकली. ही इज स्ट्राँगर दॅन मी." एवढं सरळ इंग्रजी मी आयुष्यात बोललो नव्हतो. निम्मं मराठी होतं, ते सोडा.

नोकरी जगतापला लागली. मला आठ महिन्यांनी लागली, दुसरीकडे, कमी पगाराची. मुलाखतीच्याच संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की आठवडाभर मला कुशीवर झोपावं लागलं. मग स्टूल घेऊन वर चढले, गुडघा दुखत असताना, आणि तुळईवर लिहिलं, 'जगताप इज स्ट्राँगर दॅन पानसे.' खाली उतरून म्हणाले, "सिद्ध झालं. पण ठेव लक्षात, खोटं पाडायची सोय आहे."

गेल्या महिन्यात सर गेले. तेराव्याला तालमीत माणसं पांगल्यावर मी आणि जगताप दोघंच उरलो. तो आता मोठा साहेब आहे, पोट सुटलंय, डावा खांदा अजून जरा खाली. आम्ही वर बघत होतो. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

"पानशा, लय जुनं वाक्य हाय," जगताप म्हणाला. "अजून खरं हाय का, ते बघाया नको?"

"माझी कंबर जास्त दुखते रे."

"कोणापेक्षा?"

त्याने घड्याळ काढून बाकावर ठेवलं. मी चष्मा ठेवला. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही हौद्यात उतरलो. त्याने मातीला हात लावून सलामी दिली. मीही वाकलो. उठल्यावर मी दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले आणि सगळी बोटं उघडून दाखवली.

त्याने नीट बघितलं. मान हलवली.

मग मी शड्डू ठोकला.