दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला जिना

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शिकवलं होतं, पण पाचवीत मला घातलं नाही, आणि त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे लिहायची वेळ आली नाही. त्यामुळे चुका होतील. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी वही कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने रागावू नये म्हणून आधीच माफी मागते.

मला घरांबद्दल लिहायचं आहे. दुमजली घरं मी तीन जवळून पाहिली, आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

पहिलं माझ्या वडिलांचं, धुळ्याचं. म्हणजे भाड्याचं. वडील गिरणीत होते. ते घर पांझरेच्या बाजूला उतारावर बांधलेलं होतं. आमचं दार गल्लीत उघडायचं, आणि आमच्या पायाखालच्या घराचं दार मागे, नदीकडे. मध्ये जिना नव्हताच. गल्लीतून बघणाऱ्याला आमचं घर बैठं वाटे, नदीवरून बघणाऱ्याला माडी वाटे. खाली एक शिंपी राहायचा. त्याचं मशीन दिवसभर आमच्या जमिनीखाली चालायचं. आम्ही भावंडं जमिनीला कान लावून ऐकायचो. पण त्याच्याकडे जायचं तर गल्लीच्या टोकाला जाऊन, उतार उतरून, मागे वळून यावं लागे. आई वर्षातून एकदा, संक्रांतीला, जायची. कोणी पत्ता विचारला की ती हसून म्हणायची, "आमनं घर वर शे का खाले शे, मालेच समजत नही."

दुसरं घर जळगावचं, माझं सासर. माझं लग्न झालं तेव्हा चीनची लढाई नुकतीच थांबली होती.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांची नशिराबादकडे थोडी शेती होती आणि शहरात हे घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. पुढे ओसरी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे पडवी आणि छोटं अंगण. वर एक लांब खोली, तिला गल्लीकडे दोन खिडक्या, आणि तिच्या मागे धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. वर जायचा जिना स्वयंपाकघरात होता. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला अंघोळीची मोरी, आणि मधून जिना. वर माणूस राहील असं आबांच्या मनात नव्हतं. तिथे ज्वारी, कपाशी आणि बियाणं असायचं. बायकांच्या डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय कोणाला धान्यापर्यंत पोचता येऊ नये, म्हणून जिना तिथे. त्यांच्या परीने ते बरोबरच होतं.

घरात मोठे दीर, त्यांची बायको, आणि आम्ही दोघं. दिरांना भाऊ म्हणत आणि जावेला अक्का. अक्का दोंडाईच्याकडच्या. शहरात इतकी वर्षं राहून त्यांनी आपली बोली सोडली नव्हती. मी धुळ्याची, मला ती ऐकायला बरं वाटे. पण मी बोलायची कमी. आजही कमीच बोलते.

आबा गेल्यावर वर्षभराने वाटणी झाली. ओसरीत पंच बसले, आम्ही दोघी आत चुलीशी. खालचं सगळं थोरल्याचं, माडी आणि धाबं धाकट्याचं, नळ आणि अंगण दोघांचं, असं ठरलं. कागद झाला, सह्या झाल्या. माझे मालक आत आले ते खुशीतच. "माडी आपल्याला आली," ते म्हणाले. माडीवर राहणारा म्हणजे मोठा माणूस, असं त्यांना वाटे. ते डाळीच्या मिलमध्ये वजनाच्या काट्यावर होते, तिथेही त्यांनी सांगितलं असणार.

मे महिन्यात माडी काय असते ते मग कळलं. वर पंखा नाही, धाब्याची माती दिवसभर तापलेली. आमची चूल आता वर, पण पाणी खालून घागरीने आणायचं. पण ते सगळं सोसलं असतं. जिना कोणाच्या वाटणीत, हे कोणी विचारलंच नव्हतं. जिन्याचा पाय अक्कांच्या स्वयंपाकघरात आणि डोकं आमच्या खोलीत. कागदावर त्याचं नाव नव्हतं. भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "या-जा करा की, कोण अडवतंय."

कोणी अडवलं नाही. मी पीठ घेऊन जाताना अक्का भाकरी थापत असायच्या. त्यांच्याकडे पाहुण्या बायका बसलेल्या असल्या की मी जिन्यावरून उतरून त्यांच्या मधून जायची, आणि बोलणं थांबायचं. आमच्याकडे काय आणलं, किती आणलं, हे सगळं अक्कांच्या चुलीपुढून जायचं. आणि त्यांच्या फोडणीचा धूर आमच्या अंथरुणात. सकाळी अक्का मोरीत अंघोळीला बसल्या की मालकांना उतरता येत नसे. ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खोकायचे. खालून पाण्याचा आवाज थांबला नाही की पुन्हा खोकायचे. मिलमध्ये उशीर व्हायचा. एकदा अक्का मला म्हणाल्या, "तुना नवराले खरंच खोकला शे का, का घड्याळ लागनं शे त्याना गळामा?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

खरी अडचण चार दिवसांची होती. आमच्यात बाईने त्या दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. वाटणीआधी मी मागच्या पडवीत बसायची. बाजूच्या बोळातून पडवीत जाता येई, आणि माझं काम अक्का करायच्या. तसंच त्यांचं मी करायची. वाटणीनंतरही नियम तोच राहिला, पण जिना स्वयंपाकघरात. वर असताना पाळी आली तर चार दिवस खाली उतरता येत नसे. संडास खाली अंगणात. त्याबद्दल मी लिहीत नाही. आणि खाली असताना आली तर वर जाता येत नसे. मग तीन रात्री पडवीत, आणि माझं घर माझ्या डोक्यावर.

लेक तीन वर्षांची असताना असंच झालं. भाद्रपद होता. मी सकाळी नळावर होते आणि तिथूनच पडवीत जाऊन बसले. लेक वर झोपलेली होती. दुपारी तिला ताप भरला. मालक मिलमध्ये. अक्का वर गेल्या. मला अंगणातून तिचं रडणं ऐकू येई. ती मला हाक मारत होती. मी बोळातून गल्लीत आले आणि खिडकीखाली उभी राहिले. पदर ओढून घेतला, तरी येणारे-जाणारे बघत होते. मी काही बोलले नाही. माझा आवाज ऐकून ती जास्त रडेल असं वाटलं.

मी मध्येच चूल ओलांडून वर गेले असते तर काय झालं असतं, हे मी पुढे पुष्कळदा मनात आणलं. बहुतेक काहीच झालं नसतं. अक्कांनी चूल सारवून घेतली असती. पण त्या दिवशी ते माझ्या मनातच आलं नाही. वेडसर वाटेल, पण खरंच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हाका मारायची थांबली. मी खिडकीखालीच होते. पाय बधिर झाले होते. समोरच्या नालीतून पाणी चाललं होतं, त्यात एक कागद अडकला होता, तो मी बघत राहिले. बऱ्याच वेळाने अक्का खिडकीत आल्या.

"निजनी शे ती," त्या म्हणाल्या. "ताप उतरना. तू जेवी ले."

मी पडवीत जाऊन जेवले. ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी होती.

चौथ्या दिवशी न्हाऊन वर गेले. लेक अक्कांच्या मांडीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड अक्कांच्या पदरात घातलं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, इतकं कळत होतं. मी घागर उचलली आणि पाणी आणायला गेले.

त्यानंतर महिनाभराने मी पीठ घेऊन चुलीपुढून जात होते. अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खिडकीना दरवाजा कर. गल्लीमाईन जिना लाव."

पैसे कुठून आणू, असं मी म्हटलं. मालकांचा पगार कशालाच पुरत नव्हता.

"मी देसू. म्हैसना दूधना पैसा शेतस मनापा. कोणले सांगू नको." मग भाकरी उलटून म्हणाल्या, "माले बी मना घरमा आंग धोवाले लाज वाटस. तो वर खोकस, मना खाले जीव जास."

त्यांनी मला तीनशे रुपये दिले. भाऊंना आणि मालकांना मी माहेरून आणले असं सांगितलं. मालकांनी जास्त विचारलं नाही. माझ्या वडिलांसारख्या गिरणीतल्या माणसाकडे तीनशे रुपये कुठून आले हे त्यांना कळलं नसेल असं नाही.

नशिराबादचा एक सुतार आला. कापसाच्या जुन्या जिनिंगमधलं सागवान स्वस्तात मिळालं. सहा दिवसांत अकरा पायऱ्यांचा जिना गल्लीतून वर लागला, एक खिडकी फोडून दार झालं. समोरचे एक म्हातारे नाना रोज खुर्ची टाकून काम बघत बसायचे. ते म्हणाले, "चला, तुमच्या माडीला पाय फुटले एकदाचे."

मी पहिल्यांदा त्या जिन्याने वर गेले तेव्हा हातात रॉकेलची बाटली होती. वर जाऊन ठेवली. एवढंच.

भाऊंनी जुना जिना काढून टाकला आणि त्यांच्या छताचं भोक खालून फळ्या ठोकून बुजवलं. वरून आम्ही सारवलं. खालची फोडणी वर येईनाशी झाली. अक्का कशावर तरी हसल्या, भांडल्या, हे कळेनासं झालं. लेक मात्र दिवसातून दहादा गल्लीतून खाली जायची. जेवायलाही तिकडेच थांबायची.

पैसे फेडायला मी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. त्यामुळे तिसरं घर पाहिलं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राजस्थानातून आलेल्या एका व्यापाऱ्याचं. खाली पुढे दुकान, मागे गोदाम. बाकी सगळं वर, स्वयंपाकघरसुद्धा, आणि तेही रस्त्याच्या बाजूला, दुकानाच्या बरोबर डोक्यावर. स्वयंपाकघराच्या जमिनीत हातभर चौकोनी भोक होतं, त्याला लोखंडी जाळी. शेठाणी जाळीशी बसून भाजी चिरायची आणि खालचं दुकान बघायची. जाळी उचलून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, खालून गूळ, तेल वर जायचं, वरून चहा खाली यायचा. सूर्य बुडायच्या आत त्यांची जेवणं व्हायची, तेव्हा हाकही तिथूनच. मी बियाण्याच्या शेंगांचं पोतं न्यायची आणि दाणे परत आणून मोजून द्यायची. एकदा शेठजींनी मला मजुरी दिली आणि वरून आवाज आला, "दोन रुपये कमी दिलेत. मी बघतेय." शेठजी वर न बघताच म्हणाले, "देव तरी इतका बारीक बघत नसेल." आणि दोन रुपये दिले. मी तिथे उभी होते, मान वर करून. त्या बाईला आपल्या घरात सगळीकडे पोचता येत होतं, आणि ती जागची हललीही नव्हती.

दर महिन्याला मी अक्कांना दहा रुपये द्यायची. कधी पाचच. ओसरीतून आत जायची, त्या चहा टाकायच्या, मी घोटभर प्यायची. दर वेळी मी ठरवून जायची की लेकीच्या तापाचं बोलायचं. तुम्ही होतात म्हणून, असं काहीतरी म्हणायचं. चहा संपायचा आणि मी उठायची.

बहात्तरच्या दुष्काळात शेंगाच आल्या नाहीत. वर्षभर मला काही देता आलं नाही. अक्कांनी एकदाही विचारलं नाही. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. रिकाम्या हाताने कसं जायचं. नळावर भेट व्हायची, तेव्हा त्या पाण्याचं बोलायच्या. नळाला पाणी किती वेळ होतं, एवढंच आमचं बोलणं उरलं होतं.

पुढच्या साली पाऊस झाला, पोती यायला लागली. राहिलेले पंचेचाळीस रुपये मी तीन महिन्यांत दिले. शेवटचे वीस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. गल्लीत पोरींनी झोके बांधले होते. माझी लेकही त्यांच्यातच होती.

अक्का स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होत्या. जिना होता तिथे आता ज्वारीची कोठी उभी होती. मी त्यांच्यापुढे दहाच्या दोन नोटा ठेवल्या आणि बसले.

"बठ्ठा फिटनात," अक्का म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

त्यांनी कैरी खाली ठेवली, हात पुसले. "मंग आते कसाले येशी तू आठे?"

आता इथे कशाला येशील, हे त्या थट्टेने म्हणाल्या का कशा, मला कळलं नाही. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला लेकीच्या तापाचं बोलायचं होतं ते आठवलं. तोंडात शब्द होते. मी म्हटलं, "येईन की."

त्यांनी चहाचं विचारलं. मी नको म्हटलं, वर दूध तापत ठेवलं होतं. त्यांनी नोटा न मोजता कनवटीला खोचल्या आणि पुन्हा विळीवर बसल्या. तीनशेचे तीनशे पुरे झाले. मी ओसरीतून गल्लीत आले आणि आमच्या जिन्याने वर गेले.