डालग्याखाली वाढवलेला चांद्या

पाथर्डीकडची वस्ती सोडली त्या सकाळी आमचा कुत्रा चांद्या ट्रकमधून सगळ्यांवर दात विचकत होता. धाकटा भाऊ कौतुकाने म्हणाला, "दादा, लई कडक कुत्रं हाय. तिकडं चोर फिरकायचा न्हाई." मी हसलो. तो कडकपणा मी कसा आणला होता, हे मात्र लपवले. मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, ते आज सांगतो.

आपल्याकडे एकट्या वस्तीवर पिलू आणले की ते कोंबड्या झाकायच्या पालथ्या टोपलीखाली, डालग्याखाली कोंडायचे. परके माणूस, शेळी, काही दिसू द्यायचे नाही. "चार माणसांत मिसळलं की कुत्रं मऊ पडतं," असे वडील म्हणत. मी त्याहून पुढे गेलो. तोंडाला टॉवेल गुंडाळून मीच परका होई आणि डालग्याच्या फटीतून पिलाला काठीने डिवचत असे. मग टॉवेल सोडून भाकरी नेई, आणि ते माझाच हात चाटे. या शहाणपणाची आज मला शिसारी येते.

दुष्काळाने आम्हांला राहात्याकडे, कालव्याच्या मुलखात, कारखान्याच्या चाळीत आणले. भिंतीला भिंत, सगळ्यांत एक नळ. माझी पत्नी सरू हिने चांद्याला माणसांत आणायचे मनावर घेतले. "अवं, त्यो रागीट न्हाई, भ्यालेला हाय," ती म्हणे. दोरी धरून ती नळापासून दूर बसे. कुणी जवळून गेले की त्याला भाकरीचा तुकडा देई. रोज थोडी पुढे सरके. शेजारचे भागूतात्या चेष्टा करीत, "वहिनी, कुत्र्याला शाळंत घातलं का?"

"व्हय तात्या, तुमीबी या. दोघं संगं शिका!"

हिवाळा लागेपर्यंत चांद्या तात्यांच्या शेळीशेजारी झोपू लागला होता.

एका गारठ्याच्या सकाळी तात्या तोंडाला टॉवेल गुंडाळून नळावर आले. चांद्याने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला. सगळी चाळ सरूवर तुटून पडली. टॉवेल पाहताच मला कारण कळले होते. तरी सर्वांदेखत मीच तिला म्हणालो, "तुझ्या लाडानं झालं हे." मग चाऱ्याच्या ट्रकमधून चांद्याला नेऊन पाथर्डीअलीकडच्या माळावर सोडले. तो ट्रकमागे धावला. मी ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही. त्या माळावर तुमच्यापैकी कुणी त्याला दगड मारला असेल, तर तो दगड माझा होता. स्वतःचा आला तितका संताप मला दुष्काळाचाही आला नाही.

सरू नळावर जाईनाशी झाली. पाणी मी भरू लागलो. घर म्हणजे छप्पर नव्हे. जिथे आपल्या माणसाला मान खाली घालावी लागत नाही, ते घर. ते मी तिच्यापासून हिरावले होते.

जखम भरल्यावर तात्या लंगडत आमच्या दारी आले. हातात पिलू होते. "वहिनी, हे घ्या. पैल्यापास्नं माणसांत वाढवा."

सरूने हात मागे घेतले. "नगं तात्या. माझ्या हातानं कुत्रं बिघडतं."

मला राहवले नाही. नळावरच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोललो, "तात्या, तोंड बांधून चांद्याला काठीनं मी डिवचत होतो, लहान असल्यापासून. हिनं त्याला माणसांत आणलं, मी बिघडवलं. सरू, सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकललं. सगळ्यांदेखत माफी मागतो. माझं चुकलं."