अंपायरचं बोट खाली येईना

आमचे हे, म्हणजे आगाशीचे नथू राऊत, अंपायर. तसा धंदा केळीच्या वाडीचा, पण केळीवाले म्हणून यांना कुत्रंही ओळखत नाही. अठ्ठावीस वर्षं गावोगावच्या मॅचला पांढरी टोपी घालून उभे! सवय इतकी मुरलेली, की आमटीत मीठ जास्त झालं तरी तोंडाने बोलणार नाहीत, नुसतं बोट वर करणार. म्हणजे मी आऊट.

प्रामाणिकपणाचं तर विचारूच नका. पोटच्या पोराला, आमच्या विकीला, यांनी सात वेळा आऊट दिलंय. दोनदा पहिल्याच बॉलला. गाव म्हणायचं, वा, काय माणूस आहे! गावाचं काय जातंय? विकीने गेल्या वर्षी बापाशी बोलणंच टाकलं. "आई, त्यांना सांग, मोटर चालू करा." आणि ते समोरच बसलेले! या बापलेकांचे निरोप पोचवून पोचवून माझा जीव विटला होता.

तर परवा फायनल, आगाशी विरुद्ध तुळिंज. शेवटच्या ओव्हरला विकीने बॉल सरळ मारला. सीझन बॉल तो, दगडासारखा. तोंड वाचवायला यांनी हात पुढे केला, बॉल बोटावर आदळून उडाला आणि बॉलरने झेलला. अंपायरला लागून उडालेला कॅचही आऊटच धरतात म्हणे, फक्त त्याआधी बॉलचा टप्पा पडलेला नसावा. विकी ओरडला, टप्पा पडला! तुळिंजवाले ओरडले, नाही पडला! सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं, तर बोट वर.

तुळिंजची पोरं नाचायलाच लागली. अहो, कसला आऊट! बोट मुळातून निखळून ताठ उभं राहिलं होतं, ते खालीच येईना. हे "आई गं, आई गं" करतायत आणि तुळिंजचा कप्तान संकेत म्हणतो, "थँक यू, काका."

गावातल्या डॉक्टरने दोनदा ओढून बघितलं, तर ते जास्तच अडकलं. मग आम्ही तिघं रिक्षाने विरारला. हॉस्पिटलात एक पायाला प्लॅस्टर घातलेला माणूस बसला होता. यांचं बोट बघून तो घाबरला. "काका, मी काय केलं?"

हाताच्या डॉक्टर, मीरा मॅडम, एक्स-रे बघून म्हणाल्या, "सांध्याखालची जाड पट्टी आत अडकलीय. जितकं ओढाल तितकी आवळत जाते. उघडून सोडवायला लागेल."

"ऑपरेशन नको!" हे कोण म्हणालं? संकेत! पाठोपाठ आला होता मेला, पुरावा म्हणून बॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. "बोट खाली आलं म्हणजे निर्णय मागे घेतला असं होईल. तसं नाही धरायचं, हे फॉर्मवर लिहून द्या."

"मी सांधा बसवते," मॅडम म्हणाल्या. "मॅचचं तुमचं तुम्ही बघा."

तिकडे ग्राउंडवर कमिटीने माईकवरून सांगितलं, अंपायरचं बोट ऑपरेशनला गेलंय, प्रेक्षकांनी जागा सोडू नये. आणि लोक बसले हो! वडापाव खात बसले!

मॅचच्या दिवशी हे काही खात नाहीत, तेवढं बरं झालं. नुसता हात बधिर करून, कापून, पट्टी सोडवून मॅडमनी सांधा बसवला. हे पूर्ण जागे. पडद्याआडून सिस्टरला विचारत होते, "किती बॉल राहिलेत?"

बाहेर आणलं तेव्हा बोट वाकवून बँडेजमध्ये बांधलेलं होतं. विकी भिंतीला टेकून उभा होता, बापाकडे बघत नव्हता. संकेत पुढे झाला. "काका, आता तोंडाने सांगा. टप्पा पडला होता का?"

हे म्हणाले, "मला माहीत नाही."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! संकेत म्हणाला, "असं कसं? बॉल तुमच्याच अंगावर आला ना?"

"आला. पण मी बॉल बघितलाच नाही." हे विकीकडे वळले. "विकी, तुझी बॅट अशी सुंदर फिरली ना रे, मी तेच बघत राहिलो. बॉल अगदी तोंडाशी आला तेव्हा कळलं."

संकेतचं तोंड उतरलं. अंपायरला दिसलं नाही म्हणजे नॉट आऊट, आणि आगाशीला दोनच रन हवे होते.

विकी बापाच्या खाटेपाशी आला. "टप्पा नव्हता पडला, बाबा. आऊट होतो मी."

"अरे मेल्या," मी ओरडले, "मग एवढा तमाशा कशाला केलास?"

तो माझ्याकडे वळलाच नाही. यांनाच म्हणाला, "वाटलं, एकदा तरी तुम्ही मला नॉट आऊट द्याल."